शब्बाथ-स्वागत, बालशाळेतील

(हिब्रू – ‘कब्बालात शब्बात’). शब्बाथ या ज्यू धर्मीयांच्या साप्ताहिक विश्रांतिदिनाचे स्वागत करण्यासाठी तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांच्या शाळेत प्रायः दर शुक्रवारी सकाळी होणारा सामुदायिक विधी. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होतो व शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसू लागल्यावर संपतो. त्यामुळे शाळेतील हा विधी प्रत्यक्ष शब्बाथच्या काही तास आधीच उरकलेला असतो. धर्मदृष्ट्या तो शब्बाथचा आरंभ नव्हे. संध्याकाळी घरी व्हावयाच्या विधीची ती तयारी होय. तथापि ज्या घरांत संध्याकाळी असा कोणताही विधी होत नाही, तेथील मुलांच्या दृष्टीने शाळेतील विधी हाच शब्बाथ ठरतो. या दुहेरी स्वरूपामुळे बालशिक्षण, धर्मशास्त्र व समाजशास्त्र या तिन्ही दृष्टींनी तो विचारार्ह आहे.

पार्श्वभूमी : शब्बाथ पाळण्याची आज्ञा मोझेसला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक असून बायबलच्या जुन्या करारात ती दोन ठिकाणी आली आहे. ‘निर्गम’ या ग्रंथात तिचे कारण विश्वोत्पत्तीशी जोडलेले आहे : ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली व सातव्या दिवशी विश्रांती घेतली. ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथात ते ईजिप्तमधील गुलामगिरीतून झालेल्या सुटकेशी जोडलेले असून दास, दासी, परकीय व जनावरे यांनाही विश्रांती मिळावी, असे सांगितले आहे. पहिल्या ठिकाणी शब्बाथचे स्मरण ठेवण्याची, तर दुसऱ्या ठिकाणी तो पाळण्याची आज्ञा आहे. घरोघरी शुक्रवारी लावल्या जाणाऱ्या दोन मेणबत्त्या या दोन आज्ञापदांच्या द्योतक मानल्या जातात. त्या दिवशी वर्ज्य असलेल्या कामांचे ३९ प्रकार मिश्ना या संहितेत दिले आहेत. अग्नी पेटविणे हे त्यांपैकी एक होय.

शब्बाथचे विधी सिनॅगॉगमध्ये होतात तसेच घरीही होतात. परंतु लहान मुलांना परिचयाचा असतो तो घरातील भाग. सूर्यास्तापूर्वी सामान्यतः १८ मिनिटे (जेरूसलेममध्ये परंपरेने ४० मिनिटे) घरातील स्त्री मेणबत्त्या लावते. त्यानंतर मुलांना आशीर्वाद दिला जातो. मुलग्यांना देताना याकोबाचे नातू एफ्राइम व मनश्शे यांचा, तर मुलींना देताना सारा, रिबेका, राहेल व लेआ या चार आदिमातांचा उल्लेख करतात. मग घरातील पुरुष द्राक्षासवाचा पेला हाती घेऊन ‘किद्दुश’ म्हणजे पवित्रीकरणाचा मंत्र म्हणतो. शेवटी वस्त्राने झाकून ठेवलेल्या दोन पावांवर आशीर्वचन म्हटले जाते. वाळवंटातील भ्रमंतीत इझ्राएली लोकांना स्वर्गीय अन्न (मान्ना) मिळत असे व शुक्रवारी ते दुप्पट मिळे, या कथेची आठवण म्हणून पाव दोन असतात.

शब्बाथ ही राणी किंवा वधू असून तिला सामोरे जावे, ही कल्पना तालमुदमध्ये आढळते. तिला विधीचे रूप सोळाव्या शतकात गॅलिलीतील साफेद या गावी जमलेल्या गूढवादी संतांनी दिले. शुक्रवारी सायंकाळी शुभ्र वस्त्रे परिधान करून ते शेतांत जात व मावळतीकडे पाहत स्तोत्रे म्हणत. त्यांच्यापैकी श्लोमो हालेवी अल्काबेत्स यांनी रचलेले ‘लेखा दोदी’ हे वधूस्वागताचे गीत आज जगभरच्या सिनॅगॉगांत गाइले जाते. ‘कब्बालात शब्बात’ ही संज्ञा मुळात या सायंकालीन उपासनेची आहे. बालशाळेतील विधीने ती तेथून घेतली.

इतिहास : हा विधी शाळेत कसा आला, हे समजण्यास हिब्रू बालशिक्षणाचा इतिहास पाहावा लागतो. जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल याने १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ ही संज्ञा रूढ केली. तिचे शब्दशः भाषांतर ‘गन येलादिम’ (बालोद्यान) असे करून पहिले हिब्रू बालोद्यान १८९८ मध्ये तत्कालीन ऑटोमन पॅलेस्टाइनमधील रिशोन लेत्सियोन या वसाहतीत सुरू झाले. त्या वेळी हिब्रू ही प्रार्थनेची व ग्रंथांची भाषा होती; घरात आईबाप यिडिश, रशियन, अरबी वा लादिनो बोलत. बोलीभाषा म्हणून हिब्रूचे पुनरुज्जीवन करण्याच्या चळवळीत बालोद्यानाला कळीचे स्थान मिळाले. मुलाने शाळेत हिब्रू शिकावी व घरी जाऊन ती आईबापांना शिकवावी, अशी अपेक्षा होती. शिक्षणाचा हा नेहमीच्या उलट दिशेचा प्रवाह पुढे सणवारांच्या बाबतीतही कायम राहिला.

पूर्व युरोपातून आलेल्या या पिढीतील अनेकांनी वाडवडिलांचे कर्मकांड सोडले होते. परंतु आपल्या मुलांना ज्यू परंपरेची ओळखच राहू नये, हेही त्यांना मान्य नव्हते. धर्माचरण सोडल्यावर सणाचे काय ठेवावयाचे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. हिब्रू कवी हायिम नाख्मान बिआलिक (१८७३–१९३४) यांनी तेल अवीवमध्ये १९२०–३० या दशकात ‘ओनेग शब्बात’ (शब्बाथचा आनंद) या नावाने शनिवारी दुपारच्या सार्वजनिक सभा सुरू केल्या. त्यांत व्याख्यान, ग्रंथवाचन व सामुदायिक गायन होई. शब्बाथ-राणीच्या आगमनावर त्यांनी रचलेले गीत बालोद्यानांच्या शुक्रवारच्या कार्यक्रमात रूढ झाले. किबुत्झ या सामुदायिक वसाहतींत तर मेणबत्त्या, शुभ्र मेजवस्त्र, गीते व वाचन एवढाच भाग ठेवून सामुदायिक भोजनगृहात शब्बाथचे स्वागत होऊ लागले. ईश्वराला उद्देशून असलेली आशीर्वचने बहुतेक ठिकाणी गाळण्यात आली.

शब्बाथपूर्वी गरिबांसाठी नाणे बाजूला ठेवण्याची (‘त्सदाका’) जुनी प्रथा आहे. बालोद्यानात मात्र त्या पेटीची जागा ज्यू राष्ट्रीय निधीच्या निळ्या पेटीने घेतली. १९०१ मध्ये स्थापन झालेला हा निधी पॅलेस्टाइनमधील जमिनी विकत घेण्यासाठी होता. मुले रांगेने येऊन पेटीत नाणी टाकीत. परोपकाराच्या धार्मिक कर्तव्याला अशा प्रकारे राष्ट्रीय व राजकीय अर्थ प्राप्त झाला. विधीचे बाह्यरूप तेच ठेवून आशय बदलण्याचे हे ठळक उदाहरण होय.

इझ्राएलच्या स्थापनेनंतर १९४९ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने पाच वर्षांच्या मुलांनाही बालोद्यानात जाणे अनिवार्य झाले. १९५३ च्या कायद्याने सरकारी व सरकारी-धार्मिक अशा दोन शाखा निर्माण झाल्या. शब्बाथ-स्वागत दोन्ही शाखांत होते. धार्मिक शाखेत त्यात प्रार्थनेचा व त्या आठवड्याच्या तोरा-पाठाचा भाग अधिक असतो. २०१२ पासून तीन व चार वर्षांच्या मुलांसाठीही मोफत शिक्षणाची तरतूद प्रत्यक्षात येऊ लागल्याने मुलांचा या विधीशी संबंध अधिक लहान वयात येतो. अरबी भाषक मुलांची बालोद्याने स्वतंत्र असून तेथे हा विधी नसतो. १९९८ पासून निघालेल्या काही द्विभाषिक शाळांत मात्र ज्यू, मुसलमान व ख्रिस्ती मुले परस्परांच्या सणांची ओळख करून घेतात.

विधीचे स्वरूप : इझ्राएलमध्ये शुक्रवारी बालोद्याने दुपारपर्यंतच चालतात. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी मुले स्वतः पीठ मळून ‘खल्ला’ हा वेणीसारखा गुंफलेला पाव करतात. शुक्रवारी मुलांनी पांढरे कपडे घालून यावे, असा संकेत आहे. लहान मेजावर पांढरे वस्त्र अंथरून त्यावर दोन मेणबत्त्या, पेला, झाकलेले पाव व फुले मांडतात. मुले मेजाभोवती अर्धवर्तुळात बसतात.

दर आठवड्याला एक मुलगी ‘शब्बाथची आई’ (इमा शेल शब्बात) व एक मुलगा ‘शब्बाथचा बाप’ (अबा शेल शब्बात) होतो. तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात हा मान प्रत्येकाला वर्षातून एकदा-दोनदाच मिळतो. त्यामुळे मुले आपल्या पाळीची वाट पाहत असतात. त्या दिवशी या मुलांचे आईवडील वा आजीआजोबाही पुष्कळदा हजर राहतात व खाऊ आणतात. ‘आई’ डोक्यावर रुमाल बांधते. शिक्षिका मेणबत्त्या पेटविते किंवा पेटविण्यास मदत करते. काही शाळांत सुरक्षिततेसाठी विजेचे दिवे वा लाकडी मेणबत्त्या वापरतात. ‘आई’ डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वचन म्हणते. ‘बाप’ द्राक्षाच्या रसाचा पेला उचलून किद्दुश म्हणतो. मग पावाचे तुकडे वाटले जातात, नाणी पेटीत पडतात, गाणी व नाच होतात आणि शिक्षिका एखादी गोष्ट सांगते. शेवटी ‘शब्बात शालोम’ (शब्बाथ शांतीचा जावो) असे एकमेकांस म्हणून मुले घरी जातात. हा सर्व कार्यक्रम सामान्यतः अर्ध्या-पाऊण तासाचा असतो.

डोळे झाकण्याच्या कृतीमागील कारण लक्षणीय आहे. ज्यू धर्मशास्त्रानुसार आशीर्वचन सामान्यतः कृतीपूर्वी म्हणावयाचे असते. परंतु मेणबत्त्यांचे आशीर्वचन म्हणताच शब्बाथ सुरू झाला असे मानले, तर त्यानंतर अग्नी पेटविता येत नाही. म्हणून अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय) प्रथेत स्त्री आधी ज्योत पेटविते, डोळे झाकून आशीर्वचन म्हणते व मग हात काढून प्रकाश प्रथमच पाहिल्यासारखा पाहते. सकाळी दहा वाजता बालशाळेत ही अडचण मुळीच उद्‌भवत नाही. कृती मात्र तशीच राहते. मुलाच्या स्मरणात कारण राहत नाही, हातांची ती हालचाल राहते. पुढे कारण समजते तेव्हा ते अंगवळणी पडलेल्या कृतीला येऊन मिळते. विधिशिक्षणाची ही पद्धत अन्य धर्मांतही आढळते.

धर्मशास्त्रीय प्रश्न : ईश्वराचे नाव घेऊन निष्कारण म्हटलेले आशीर्वचन ज्यू धर्मशास्त्रात दोषास्पद मानले आहे. मग शब्बाथ सुरू होण्यापूर्वी काही तास म्हटलेल्या आशीर्वचनांचे काय? साफेद येथेच वास्तव्य केलेल्या योसेफ कारो (१४८८–१५७५) यांच्या ‘शुल्हान आरूख’ या आचारसंहितेत याचे उत्तर मिळते : मुलांना शिकविताना आशीर्वचने पूर्णपणे म्हणण्यास मुभा आहे, कारण तेथे हेतू शिक्षणाचा असतो. ज्यू धर्मात मुलगी १२ व्या व मुलगा १३ व्या वर्षी धार्मिक कर्तव्यांस बांधील होतात. त्यापूर्वी त्यांना आचाराची सवय लावणे (‘हिन्नुख’) ही वडीलधाऱ्यांची जबाबदारी असते. तरीही काही धार्मिक शाळांत सरावाच्या वेळी ईश्वराच्या नामोच्चाराऐवजी ‘हाशेम’ (ते नाव) हा पर्यायी शब्द वापरतात. अशा रीतीने विधी आणि विधीचा सराव यांतील सीमारेषा मुलांसमोर प्रत्यक्ष शब्दांतून स्पष्ट केली जाते.

शैक्षणिक महत्त्व : तीन-चार वर्षांच्या मुलाला तारीख व महिना यांचा बोध होत नाही, नियमित पुनरावृत्तीतून आठवड्याचा बोध मात्र होऊ शकतो. या बाबतीत हिब्रू भाषेची रचनाही उपयोगी पडते. मराठीत वारांना ग्रहांची नावे आहेत. हिब्रूत रविवार हा ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा दिवस’ अशी शुक्रवारपर्यंत केवळ क्रमवाचक नावे असून स्वतःचे नाव असलेला दिवस एकच, तो म्हणजे शब्बाथ. साहजिकच दिवस मोजणे म्हणजे शब्बाथकडे जाणे, असा अनुभव मुलाला येतो.

पीठ मळणे, माप घेणे, पाव भाजल्याचा वास, ज्योतीचा प्रकाश, रसाची चव व सामुदायिक गायन यांमुळे हा विधी सर्व इंद्रियांनी अनुभवला जातो. ज्या कामाचा आनंद घ्यावयाचा ते आधी स्वतः करावयाचे व मग थांबावयाचे, हा शब्बाथचा गाभा मुलांना उपदेशाविना कळतो. स्वतःची पाळी येईपर्यंत थांबणे व दुसऱ्याच्या मानाच्या दिवशी त्याला साथ देणे, हे सामाजिक शिक्षणही त्यात आहे. तथापि वयात येण्याआधीच्या या परिचयाला मर्यादा आहेत. पुष्कळ मुलांचे शब्बाथविषयीचे ज्ञान पाव, गाणी व पांढरे कपडे एवढ्यावरच थांबते. दास व परकीय यांच्या विश्रांतीचा नैतिक आशय पुढील इयत्तांत शिकविला नाही, तर तो अपरिचितच राहतो.

कुटुंब व शाळा : ‘आई’ व ‘बाप’ या भूमिकांमुळे विधीतून कुटुंबाचे एक विशिष्ट चित्र मुलांपुढे उभे राहते : दिवा स्त्रीचा, पेला पुरुषाचा. एकट्या पालकाच्या, विभक्त झालेल्या किंवा दोन्ही पालक समलिंगी असलेल्या घरातील मुलाला हे चित्र आपले वाटतेच असे नाही. बाप गमावलेल्या मुलाच्या पाळीच्या दिवशी शिक्षिकेची कसोटी लागते. म्हणून अनेक ठिकाणी ‘शब्बाथची मुले’ अशी भूमिका ठेवून त्यांना हवी ती कृती निवडू देतात किंवा आजोबा, मावशी, मोठे भावंड यांना बोलावितात. धार्मिक शाखेत परंपरागत विभागणी प्रायः कायम आहे. निधर्मी पालकांचा एक वर्ग सरकारी बालोद्यानांतील वाढत्या धार्मिक आशयावर आक्षेप घेतो व २०१० नंतरच्या दशकात या प्रश्नावर तेथे मोठा सार्वजनिक वाद झाला. याउलट अनेक निधर्मी पालकांना हा विधी धर्माचा नव्हे, तर संस्कृतीचा भाग वाटतो.

१९८९ नंतर सोव्हिएट संघातून आलेल्या लाखो स्थलांतरितांच्या बाबतीत मुलाकडून आईबापांकडे जाणारा जुना प्रवाह पुन्हा दिसून आला. सात दशकांच्या निरीश्वरवादी राजवटीत ज्यांच्या घरातून शब्बाथ नाहीसा झाला होता, अशा आईवडिलांना तो मुलांच्या शाळेतून कळला.

प्रथाभेद : शाळेतील विधी एकरूप असल्याने निरनिराळ्या ज्यू समाजांच्या प्रथा त्यात झाकल्या जातात. गुंफलेला पाव व ज्योतीनंतर डोळे झाकणे या मुख्यतः अश्केनाझी प्रथा. पण बालोद्यानामुळे त्या सर्वांच्या झाल्या. इथिओपियातील ज्यू (बेटा इझ्राएल) शब्बाथपूर्वी सर्व अग्नी विझवीत व ती रात्र अंधारात घालवीत. मेणबत्त्या लावण्याची प्रथा त्यांच्यात नव्हती. १९८४-८५ व १९९१ मधील मोठ्या स्थलांतरांनंतर त्यांची मुले शाळेत शब्बाथ म्हणजे प्रकाश असे शिकली, तर त्यांच्या आजीआजोबांच्या लेखी शब्बाथ म्हणजे दिवा नसलेली रात्र होती.

महाराष्ट्रातील बेने-इझ्राएल समाजाचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे आहे. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा हा समाज शनिवारी घाणा बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हिब्रू ग्रंथांचा परिचय जवळजवळ नसतानाही त्यांनी शब्बाथ टिकवून धरला, तो मुख्यतः कामबंदीच्या आचारातून. किद्दुशसाठी ते मनुका पाण्यात भिजवून केलेले सरबत वापरीत. मुंबईत हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये निघालेल्या इझ्राएली शाळेत (नंतरचे सर एली कदूरी विद्यालय) मराठी मुलांना हिब्रूचे शिक्षण मिळू लागले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इझ्राएलमध्ये लोद, रामला, दिमोना, अश्दोद, बीरशेबा इ. गावी स्थायिक झाले. तेथील बालोद्यानांच्या मेजावर मनुकांच्या सरबताऐवजी बाटलीतील द्राक्षरस आला. अलीकडे काही शिक्षिका आजीआजोबांना बोलावून त्यांच्या घरच्या प्रथा मुलांना दाखवितात. तो या एकरूपतेवरील साधा व परिणामकारक उपाय होय.

इझ्राएलबाहेर : अमेरिका, ब्रिटन इ. देशांतील ज्यू बालशाळांतही शुक्रवारी असाच विधी होतो. तेथे शब्बाथ हा आजूबाजूच्या समाजाचा सुटीचा दिवस म्हणून आपोआप येत नसल्याने शाळेची जबाबदारी वाढते. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीनुसार २०१० नंतर विवाह केलेल्या ज्यू व्यक्तींपैकी ६१ टक्क्यांचे जोडीदार ज्यू नव्हते. अशा घरांतील एका पालकाला हा विधी अपरिचित असतो. म्हणून काही शाळा पाळीच्या मुलाबरोबर मेणबत्त्या, पेला व पाव असलेली पिशवी घरी पाठवितात. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्यास्त दुपारी चारपूर्वीच होत असल्याने ज्यू शाळा शुक्रवारी लवकर सुटतात व सराव आणि प्रत्यक्ष शब्बाथ यांतील अंतर कमी होते.

२०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा अनेक शिक्षिकांनी दूरदृश्य माध्यमातून शब्बाथ-स्वागत चालू ठेवले. मेज, मेणबत्त्या व पाव घराघरांत मांडले गेले. घरातून शाळेत गेलेला विधी शाळेच्याच प्रेरणेने काही काळ घरी परतला. पिढ्यांमधील परंपरेचा दुवा तुटतो तेथे शाळा तो काही अंशी सांधू शकते. परंतु सकाळच्या सरावाला संध्याकाळचे घर लाभले, तरच तो विधी पूर्ण होतो, असे या विधीच्या सव्वाशे वर्षांच्या पार्श्वभूमीवरून म्हणता येईल.